मदत हवी: गुरुवारच्या तासाला व्हिएतनाम कसं शिकवू?

पाटीपेन्सिल:
गुरुवारी तास आहे आणि मी पार अडकलेय. मुलांना ऑपरेशन बेबीलिफ्टचा, म्हणजे युद्ध संपताना अमेरिकेने व्हिएतनाममधली बाळं विमानाने बाहेर नेली त्याचा, फोटो दाखवला, एप्रिल १९७५, विमानात पुठ्ठ्याच्या खोक्यांत झोपवलेली बाळं. म्हटलं यातल्या काहींचे आईबाप जिवंत होते, मग हे वाचवणं म्हणायचं का. तर एक व्हिएतनामी मुलगी म्हणाली, माझी आजी म्हणते अमेरिका नसती तर आपण नसतो, आजी खोटं बोलते का? मला उत्तरच सुचेना. प्लीज लवकर सांगा.

रानवारा:
ताई, मुलं कितवीची? शाळा कुठे? तास किती वेळाचा?

इतिहासवेडा:
सुरुवातच चुकली. आधी व्हिएतनामवरची फ्रेंच राजवट घ्या. १८५८ ला तिथल्या दानांग बंदरावर हल्ला, मग आम्ही यांना सुधारायला आलोय म्हणत मीठ, दारू, अफूचे मक्ते. १९४५ मध्ये व्हिएतनामी नेता हो ची मिन्हने स्वातंत्र्य जाहीर केलं ते अमेरिकेच्याच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं वाक्य घेऊन, आणि नंतर त्याच अमेरिकेने फ्रेंचांच्या लढाईला पैसा पुरवला.

सॅनहोजेकर:
@इतिहासवेडा एका तासात १८५८ पासून? आमच्या शेजारचे व्हिएतनामी काका युद्धानंतर बोटीतून पळून आलेत, त्यांना साम्राज्यवाद ऐकवून बघा. त्यापेक्षा हे शिकवा, १९७५ च्या निर्वासितांना सरकारने मुद्दाम वेगवेगळ्या राज्यांत विखुरलं, एका जागी गर्दी नको, लवकर मिसळतील म्हणून. लोक आपणहून उठून कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टर, सॅन होजेला आणि टेक्सासमधल्या ह्यूस्टनला गोळा झाले.

चकली:
व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, हालाँग बे अजिबात चुकवू नका.

इतिहासवेडा:
@सॅनहोजेकर काकांचं दुःख खरंच आहे हो, पण युद्ध आकाशातून पडलं का?

नेलपेंट:
इथल्या व्हिएतनामी बायकांच्या नेल सलूनचं पण सांगा. टिपी हेड्रन या नटीने सॅक्रामेंटोजवळच्या निर्वासितांच्या कॅम्पात २० व्हिएतनामी बायकांना मॅनिक्युअर शिकायची सोय करून दिली, सगळीकडे तिचंच कौतुक. त्या बायकांनी दिवसदिवस उभं राहून धंदा उभा केला त्याचं काय?

रानवारा:
फळ्यावर दोन प्रश्न लिहा. कोणी बाहेर काढलं? आणि बाहेर काढायची वेळ कोणी आणली? आजी पहिल्याचं उत्तर देतायत, ते खरंच आहे.

पाटीपेन्सिल:
नववी, कॅलिफोर्निया, ५० मिनिटं, सॉरी लिहायचं राहिलं. दोन प्रश्न घेते. ती मुलगी आज शेवटच्या बाकावर जाऊन बसली होती, तिच्याशी आधी एकटीशी बोलू की थेट वर्गातच घेऊ?