विषय: सुदानसाठी वर्गणी

प्रेषक: चिटणीस, जेद्दा

सर्वांना नमस्कार. दिवाळीच्या कार्यक्रमातली शिल्लक सुदानला द्यावी, असं काहींनी सुचवलंय. एका सभासदांचा आक्षेप आहे की आपली माणसं २०२३ मध्येच तिथल्या युद्धातून सुटून परत आली, आता दोन सेनापतींच्या भांडणात मंडळाने का पडावं? अण्णा, तुम्ही पहिल्या बोटीने सुटलात. तुम्हीच लिहा.

प्रेषक: अण्णा, गुहागर

ताई, आशीर्वाद.

१५ एप्रिल २०२३, शनिवार, रमजानचे दिवस. सकाळीच गोळीबार सुरू झाला. एकीकडे जनरल बुरहान यांचं लष्कर, दुसरीकडे जनरल हेमेदतींची आरएसएफ, म्हणजे निमलष्करी फौज. ही आरएसएफ काही आभाळातून पडली नव्हती. २००३ पासून पश्चिम सुदानातल्या दारफुरमध्ये गावं जाळणाऱ्या जंजावीद टोळ्या, त्यांनाच २०१३ मध्ये सरकारने गणवेश चढवला. म्हणून 'सेनापतींचं भांडण' हा शब्द मला सोसत नाही. मरतायत ती दारफुरची साधी माणसं.

आम्ही राजधानीतल्या उत्तर खार्टूमला राहायचो. पाणी शुद्ध करायचं केंद्र बंद पडलं, नळ कोरडे. शेजारच्या म्हातारीने तिच्या माठातलं पाणी आम्हा चौघांना दिलं. स्वतः रोज्यात होती, संध्याकाळी तिला काय उरलं असेल ते मी विचारलं नाही. पुढे बस मिळाली. पोर्ट सुदान बंदरात आपल्या नौदलाची 'सुमेधा' उभी होती, २७८ जणांना घेऊन निघाली. भारत सरकारच्या या सुटका मोहिमेत, ऑपरेशन कावेरीत, एकूण ३,८६२ जण सुटले. त्या म्हातारीसाठी कुठल्याच बंदरात बोट नव्हती.

आता दारफुरमधल्या एल फाशेर शहराचं ऐका. आरएसएफचा पाचशेहून अधिक दिवस वेढा, शहराभोवती मातीचा बांध. आत लोक 'अंबाझ' खात होते. म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढून उरलेली पेंड. आमच्या गोठ्यात म्हशीपुढे ठेवतो तीच. हे वाचल्यापासून संध्याकाळी घमेलं उचलताना हात थांबतो. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर आरएसएफच्या हाती पडलं आणि जे निघू शकले ते ताविला गावाकडे चालत सुटले. साठेक किलोमीटर, गुहागरहून चिपळूणच्याही पुढे, पोरंबाळं घेऊन. या युद्धाने एक कोटी वीस लाखांच्या आसपास माणसं घराबाहेर काढली.

कपडे गोळा करू नका. तिथल्या मोहल्ल्यांतली तरुण पोरं 'तकाया' चालवतात, सगळ्यांसाठी एक चूल. पैसे त्या चुलीपर्यंत जावेत.

प्रेषक: आक्षेप घेणारा सभासद, जेद्दा

अण्णा, नमस्कार. परत आलेल्यांची सोय इथल्या भारतीय शाळेत होती तेव्हा मीही तिथे होतो. तुमचं पटलं. पण शिल्लक कार्यक्रमाच्या नावाने जमली आहे, ती परस्पर वळवू नये, यावर मी ठाम आहे. वेगळी यादी करा. इथले नियम पाहता परवाना असलेल्या मार्गानेच पैसे पाठवावे लागतील, त्याची चौकशी उद्या मी करतो. यादीत पहिलं नाव माझं घाला.