चांगला प्रश्न असला की अर्ज आपोआप लिहून होतो?

पाटीपेन्सिल:

चौकस यांनी परवा लिहिलं होतं, "ग्रँट रायटिंगच्या (संशोधनाच्या निधीसाठी अर्ज लिहिण्याच्या) कार्यशाळा म्हणजे प्रमाणपत्रांची छपाई. प्रश्न दमदार असेल तर अर्ज आपोआप लिहून होतो. ज्याच्याकडे प्रश्नच नाही तो कार्यशाळेला जातो." खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या आहेत. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

अर्ज आपोआप कुणाचा लिहून होतो ते सांगते. ज्याच्या गाईडच्या कपाटात मंजूर झालेल्या अर्जांच्या फायली आहेत, त्याचा. तो त्या फायली चाळतो, गाईड त्याच्या मसुद्यावर पेन्सिलने रेघ मारून म्हणतो, "हे काढ, अर्ज तपासणारा रिव्ह्यूअर इथेच धरेल." आपल्याला कुणी शिकवलं हे त्याच्या ध्यानातही येत नाही. त्याला वाटतं, आपला प्रश्नच दमदार होता.

मी क्लिनिकल बाजूने आले. आमच्या विभागात माझ्याआधी कुणी स्वतःच्या नावावर बाहेरचा निधी आणलेला नव्हता. माझा विषय गर्भारपणातला मधुमेह. बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायची असते, आणि बहुतेक बायका त्यासाठी परत येतच नाहीत. पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका त्यांना इतर बायकांच्या कितीतरी पट. प्रश्न दमदार नव्हता असं कुणी म्हणून दाखवावं. मी तीन उद्दिष्टं लिहिली: बायका का येत नाहीत ते शोधणे, त्यावरून फोनवर आठवण करून देण्याची पद्धत बसवणे, आणि ती पद्धत पारखणे. अर्ज परत आला. शेरा एका ओळीचा: "उद्दिष्ट २ आणि ३ सर्वस्वी उद्दिष्ट १ वर अवलंबून." मला यात चूक काय तेच कळेना. एकातून दुसरं निघतंय, हे तर चांगलंच ना?

ते कळलं कार्यशाळेत, तेही भाषणातून नाही. दुसऱ्या दिवशी आम्हा पाच जणांना एकमेकांचे अर्ज देऊन गुण द्यायला सांगितले, एनआयएच या अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेसारखे १ ते ९, १ म्हणजे उत्तम. एका अर्जाला मी पंधरा मिनिटांत ६ देऊन मोकळी झाले, कारण तो माणूस नेमकं काय करणार हे चौथ्या पानावर उगवत होतं, आणि पहिलं उद्दिष्ट फसलं तर पुढच्या दोन वर्षांत तो काय करेल हे कुठेच नव्हतं. मग स्वतःचा अर्ज उघडला. चौथं पान. तीच गत. ते पंधरा मिनिटांचं वाचन मला कुणीतरी पाच वर्षांपूर्वी करायला लावायला हवं होतं.

चौकस:

लांबलचक उत्तराबद्दल आभार. पण तुमची गोष्ट ही तुमची गोष्ट. आकडे बघा. ऑस्ट्रेलियात २०१२ च्या एका फेरीत आरोग्य संशोधनाचे ३,७२७ अर्ज आले. ते लिहिण्यात संशोधकांची मिळून सुमारे ५५० वर्षं गेली. नव्या अर्जाला सरासरी ३८ दिवस. मंजूर झाले पाचातला एक. आणि अर्जावर जास्त दिवस घालवले म्हणून मंजुरीची शक्यता वाढली, असंही दिसलं नाही. बीएमजे ओपन या नियतकालिकात २०१३ साली छापून आलंय.

दुसरं, २०१८ चा पीएनएएस या नियतकालिकातला अभ्यास. एनआयएचचे २५ अर्ज, ४३ रिव्ह्यूअर. एकाच अर्जाबद्दल रिव्ह्यूअरांचं एकमेकांशी जवळजवळ जमलंच नाही. ज्या परीक्षेत परीक्षकांचंच पटत नाही, तिची शिकवणी लावून काय मिळणार? तुम्ही तरुण मुलांना सोडतीची चिठ्ठी सुबक अक्षरात लिहायला शिकवताय. न्यूझीलंडची हेल्थ रिसर्च कौन्सिल निदान प्रामाणिक निघाली, २०१३ मध्ये एका योजनेत पात्र अर्जांमधून सरळ सोडत काढायला लागली.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा चार वर्षांत सहा कार्यशाळा करून आला. पायलट डेटा, म्हणजे हाताशी असावी अशी प्राथमिक आकडेवारी, शून्य. सहावं प्रमाणपत्र घेऊन आला त्या दिवशी त्याच्या फेलोशिपचे सात महिने उरले होते. हे बघून मला चीड येते, आणि ती मी लपवणार नाही.

आकडेमोड:

दोघांनाही एक विचारतो. या कार्यशाळांमध्ये सॅम्पल साइज, म्हणजे अभ्यासात किती माणसं घ्यायची ते, कोण शिकवतं? कुणीच नाही. "स्टॅटिस्टिशियनला भेटा" अशी एक स्लाइड असते. मग ते येतात. कधी? डेडलाइनच्या आदल्या संध्याकाळी. "सर, दहा मिनिटांचं काम आहे." बावीस वर्षं हे ऐकतोय. आकडा त्यांनी आधीच ठरवलेला असतो, कारण बजेट ठरलेलं असतं. मला फक्त त्या आकड्याला शोभेल असा परिणाम शोधून द्यायचा असतो.

पाटीपेन्सिल, तुमच्या अर्जात किती बायका होत्या?

पाटीपेन्सिल:

नियंत्रण गटात, म्हणजे फोन न केलेल्यांत, ३० टक्के परत येतात असं धरलं होतं, फोन केलेल्या गटात ४५ टक्के. ८० टक्के पॉवर, म्हणजे फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता. गटाला १६०, त्यावर २० टक्के ड्रॉपआउट धरून १९२.

पण धागा त्याबद्दल नाही. चौकस, त्या २५ अर्जांबद्दल अर्धंच सांगितलंत. ते सगळे अर्ज पहिल्या किंवा नंतरच्या फेरीत मंजूर झालेले होते. चांगल्या-चांगल्यांमध्ये डावं-उजवं करताना परीक्षकांचं पटत नाही, एवढंच त्यातून निघतं. माझा पहिला अर्ज त्या ढिगापर्यंत पोचलाच नसता. सोडतीचंही तेच. चिठ्ठी टाकायला आधी पात्र ठरावं लागतं ना?

आकडेमोड:

धागा त्याबद्दलच आहे. तुमच्या एका ओळीत तीन गोष्टी आहेत.

३० वरून ४५ कुठून आलं? ३० वरून ४० च, म्हणजे १० टक्क्यांचाच फरक पडणार असेल तर गटाला १६० नव्हे, ३५३ बायका लागतात. परिणाम थोडा कमी धरला की आकडा दुपटीवर जातो. म्हणूनच लोक परिणाम फुगवतात, आणि मग अभ्यास संपल्यावर "फरक आढळला नाही" असं छापतात.

२० टक्के गळतीसाठी १.२ ने गुणत नाहीत, ०.८ ने भागतात. २०० यायला हवे होते. १९२ मधून २० टक्के गेले की उरतात १५४.

आणि मुळात, तुमच्या अभ्यासात ड्रॉपआउट म्हणजे कोण? जी बाई तपासणीला आली नाही ती तुमचा निकाल आहे! तिला गळतीत कशी मोजता?

चौकस:

घ्या. तीन दिवसांच्या कार्यशाळेनंतर ही अवस्था. माझा मुद्दा याहून स्पष्ट मला मांडता आला नसता.

पाटीपेन्सिल:

चौकस, जरा सांभाळून. तो आकडा कार्यशाळेच्या आधीच्या, परत आलेल्या अर्जातला आहे. रात्रपाळी उतरून सकाळी सहाला बसून तो अर्ज मी लिहिला होता. कुणाला विचारायचं हेच माहीत नव्हतं, आणि ज्यांना विचारलं त्यांनी "पूर्वीच्या एखाद्या थिसिसमधून घे" म्हणून सांगितलं. तुम्हाला चूक दिसली की आनंद होतो, मला त्या वेळी ती दाखवणारं कुणी हवं होतं. दोन्हीत फरक आहे.

आकडेमोड, भागाकाराची चूक मान्य. गळतीची मान्य नाही. बऱ्याच बायका बाळंतपणानंतर माहेरी जातात, तपासणी तिकडेच दुसऱ्या ठिकाणी करून घेतात. ते आम्हाला कळलं नाही तर ती "आली नाही" होत नाही, "माहीत नाही" होते. ती गळतीच.

आकडेमोड:

हं. हे बरोबर आहे. पण मग अर्जात ते तसं लिहायला हवं होतं. आणि "माहीत नाही" ते कळवून कसं घेणार?

पाटीपेन्सिल:

फोन करून.

आकडेमोड:

नियंत्रण गटालाही?

पाटीपेन्सिल:

हो, दोन्ही गटांना.

आकडेमोड:

मग नियंत्रण गटालाही तुम्ही फोनवर आठवण करून दिलीत की! "तपासणी केलीत का?" हा प्रश्न हीच आठवण आहे. तुमची पद्धत तुम्ही तुमच्याच हाताने दोन्ही गटांना दिली, आता फरक दिसणार कुठून?

काठावर:

हे दोघं दुसऱ्याच गावाला निघाले, मी मूळ मुद्द्यावर येते. म्हणजे खरं तर माझ्या मुद्द्यावर. कार्यशाळा चांगली की वाईट हा प्रश्न मेंटॉर असलेल्यांचा. आमच्याकडे अर्ज मी लिहायचा, आठवडेच्या आठवडे, आणि शेवटच्या दिवशी पीआयच्या (मुख्य संशोधकाच्या) जागी सरांचं नाव. "तुझं नाव नवीन आहे, मिळणार नाही." दोनदा झालं. दुसऱ्यांदा निधी मंजूर झाला आणि माझं नाव कोऑर्डिनेटर म्हणून आलं. मला लिहायला कुणी शिकवायची गरज नव्हती. नाही म्हणायला शिकवायला हवं होतं, आणि ते कुठल्याच कार्यशाळेत शिकवत नाहीत.

याची किंमत एका अर्जाची नसते. नेदरलँड्समध्ये तरुण संशोधकांच्या निधीवर अभ्यास झाला, २०१८ साली आला. मंजुरीच्या रेषेच्या जेमतेम वर असलेल्यांना पुढच्या आठ वर्षांत रेषेच्या जेमतेम खाली राहिलेल्यांच्या दुपटीहून जास्त निधी मिळाला. गुणांत फरक जवळपास नव्हताच. आणि खालचे मागे पडले याचं एक कारण असं की त्यांनी पुढे अर्ज करणंच कमी केलं. मीही तीन वर्षं केला नव्हता.

चौकस:

काठावर, तुमच्या बाबतीत जे झालं ते वाईटच. त्याला मी चोरीच म्हणेन. पण अर्ज न करणं हा तुमचा निर्णय होता. २०१९ चा नेचर कम्युनिकेशन्समधला अभ्यासही आहे, एनआयएचच्या थोडक्यात हुकलेल्या तरुणांवर. जे टिकले ते पुढे थोडक्यात जिंकलेल्यांपेक्षा सरस ठरले. अपयश घडवतं माणसाला.

काठावर:

"जे टिकले ते." आणि त्याच अभ्यासात जे त्या व्यवस्थेतून कायमचे गेले, त्यांचं काय? तेही मोजलंय त्यात, तेवढं वाक्य तुम्ही सोडलंत. निर्णय म्हणे. घरभाडं थकलेलं असताना बिनपगारी सहा महिने बसून पुन्हा अर्ज लिहायचा, याला निर्णय म्हणतात का?

दुसरी_फेरी:

काही वर्षं अर्ज तपासणाऱ्या पॅनेलवर बसतोय म्हणून लिहितो. एका वेळी आठ-दहा अर्ज वाचायला असतात, तेही स्वतःचं काम संपल्यावर. एनआयएचने २०१० मध्ये आर०१ या नेहमीच्या संशोधन-अनुदानाच्या अर्जातला संशोधन आराखडा २५ पानांवरून १२ वर आणला. पानं कमी झाली की लिहिण्याचं वजन वाढतं, चौकस यांना आवडो न आवडो. उद्दिष्टांचं एक पान मी नीट वाचतो. त्यात हरवलो तर पुढची पानं मी शोधत वाचतो, आणि शोधत वाचणारा माणूस कडक गुण देतो. हे योग्य आहे असं मी म्हणत नाही. होतं असं.

मात्र भाषणांच्या कार्यशाळेने काही होत नाही, हे चौकस यांचं मला पटतं. मसुदा हातात नसलेल्या माणसाला मसुदा लिहायला शिकवता येत नाही. स्वतःचा अर्ज घेऊन यायचं, तो दुसऱ्याने वाचायचा, दोन-तीन महिन्यांत चारदा बदलायचा, असं असेल तरच उपयोग. आणि स्टॅटिस्टिशियन पहिल्या दिवशी त्याच खोलीत हवा.

आकडेमोड:

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

पाटीपेन्सिल, तुमचा प्रश्न रात्री डोक्यातून जाईना. १२ आठवड्यांची मुदत संपेपर्यंत नियंत्रण गटाला कुणीही फोन करायचा नाही. मुदत उलटल्यावर, तेराव्या-चौदाव्या आठवड्यात, दोन्ही गटांना एकदाच फोन, आणि तो करणाऱ्याला गट माहीत नसावा. तपासणी कुठे केली, कोणत्या तारखेला, रिपोर्ट आहे का. १२ आठवड्यांनंतरची तारीख असेल तर मोजायची नाही. म्हणजे तुमच्या फोनने कुणी तपासणी केली तरी निकालावर परिणाम नाही.

पाटीपेन्सिल:

हे मला सुचलं नव्हतं. रिव्ह्यूअरांपैकीही कुणी काढलं नाही. पण ज्यांनी अजून तपासणी केलेलीच नाही त्यांना त्या फोनवर "आता करून घ्या" असं सांगायचंच, आकडेमोड. मुदत उलटली म्हणून गप्प बसणं मला जमणार नाही.

आकडेमोड:

सांगा की. निकाल तोवर बंद झालेला आहे. फक्त एथिक्स कमिटीच्या कागदात तसं लिहा. आणि फरक १० टक्के धरा, १५ नको.

पाटीपेन्सिल:

गटाला ३५३ म्हटलं की बजेट फुटतं.

आकडेमोड:

मग एका केंद्राचं काम नाही ते. दुसरं केंद्र जोडा. पण अर्ध्या आकड्यात भागवू नका.

चौकस:

हे संभाषण झालं ते कार्यशाळेशिवाय झालं, याची नोंद असावी.

पाटीपेन्सिल:

झालं, कारण एका माणसाने माझा मसुदा वाचला. मी पहिल्या पोस्टपासून तेवढंच मागतेय. त्याला तुम्ही कार्यशाळा म्हणू नका, हवं ते म्हणा, पण ज्याच्याकडे गाईडचं कपाट नाही त्याला ते ठरवून मिळालं पाहिजे. सगळ्यांना आकडेमोड असे रात्रीतून भेटत नाहीत.

चौकस:

ठीक. मसुदा घेऊन बसणं आणि भाषणं ऐकणं यात फरक आहे, तो मी परवा केला नव्हता. छपाईबद्दल लिहिलंय त्यातला शब्दही मागे घेत नाही. आणि "ज्याच्याकडे प्रश्नच नाही" हे तुमच्याबाबत चुकलं, तुमच्याकडे प्रश्न आहे.

शेजारच्या टेबलावरच्या मुलाचे आता पाच महिने उरलेत. त्याच्या उद्दिष्टांचं पान मी आजवर मागून घेतलेलं नाही. उद्या मागतो.

काठावर:

मागा. आणि पीआयच्या जागी त्याचंच नाव राहू द्या.