कॉर्न स्नेक घरात आलाय, पेटीत काय बदलू?

खिडकीतली_चिमणी
आम्ही इंग्लंडात लेस्टरला असतो. लेकाच्या मित्राचं बिऱ्हाड हललं आणि त्यांचा साडेतीन फुटी कॉर्न स्नेक (बिनविषारी पाळीव साप) आमच्या गळ्यात पडला. नवरा "हो" म्हणाला, मी "बघू" म्हणाले, त्यामुळे साप आला. सोबत चार फुटी लाकडी पेटी आहे, पुढे सरकत्या काचा. आत एका टोकाला हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई (तापमान आवरणारा थर्मोस्टॅट नाही, हाताला चटका बसतो), दुसऱ्या टोकाला नारळाची करवंटी, मध्ये पाण्याचं भांडं. महाराज दिवसभर त्या भांड्यात बसून असतात. आठ दिवस झाले, उंदराला तोंड लावलेलं नाही. साताऱ्याहून आई म्हणते, वाटीभर दूध ठेव. काय चुकतंय?

दिवड
ताई, आधी मॅटचं बटण बंद करा, बाकीचं मग वाचा. पोट भाजलं तरी साप लगेच बाजूला होईलच असं नाही. थर्मोस्टॅट आणा आणि त्याचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) साप जिथे पडून राहणार तिथेच लावा, भिंतीवर नको. ऊबदार टोक २८ ते ३० अंश, थंड टोक २२ ते २४. दोन्ही टोकं वेगळी हवीत, कारण तो स्वतः इकडून तिकडे सरकून अंग गरम-गार करतो.

पाण्यात बसण्याची कारणं बहुतेक दोनच: उकाडा किंवा अंगावरचे माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे). पाण्यात मोहरीहून बारीक काळे ठिपके तरंगताना दिसले, तर तडक सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे.

साडेतीन फुटी जनावर करवंटीत मावेल कसं? लपायला दोन जागा करा, एक गरम टोकाला, एक गार. घट्ट हव्यात, अंगाला भिंत टेकली पाहिजे. नाहीतर बिचाऱ्याला ऊब हवी की आडोसा, यातलं एकच निवडावं लागतं. सध्या पुठ्ठ्याचे खोकेही चालतील. खाली अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा तीन इंच घाला, साप त्यात शिरतो. देवदाराचा भुसा अजिबात नको, त्यातलं तेल बाधतं.

आणि काचेला कुलूप! माझा एकदा नऊ दिवस गायब होता. वॉशिंग मशीनच्या मागे सापडला. तोवर बायको माहेरी.

आता आठवडाभर हात लावू नका. मग गोठवलेला उंदीर फ्रिजमध्ये वितळवून, कोमट पाण्यात ऊब देऊन ठेवा. जाडी सापाच्या पोटाएवढीच. खाल्ल्यावर दोन दिवस उचलायचं नाही.

दुधाचं आईंना काहीही सांगा, पण ठेवू नका. ते त्याचं अन्न नव्हे.

कोथरूडचा_पक्या
भारी! शेतावर एक धामण येते, तिलाच अशी पेटी करू का?

दिवड
पक्या, अजिबात नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. शेतातले उंदीर ती फुकटात मारते, मारू दे.

खिडकीतली_चिमणी
थर्मोस्टॅट आणला. लावण्याआधी मॅटवर प्रोब ठेवला तर ४३ अंश! ठिपके दिसले नाहीत. सिरियलची दोन खोकी ठेवली, त्या रात्रीच पाण्यातून उठून गार टोकाच्या खोक्यात गेला. खोकी ठेवल्यापासून अकराव्या दिवशी, म्हणजे काल, उंदीर गिळला. आईला फोन केला तर म्हणाली, "बघ, दूध ठेवलंस ना?"