जेएमएफसी भरती: मुलाखतीत कापलं म्हणतात, पण दाद मागायची ती नेमकी कशावर?

फोर्टचा_ज्युनिअर

एमपीएससीमार्फत होणाऱ्या जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) भरतीचा निकाल लागला की 'सेटिंग', 'वशिला', 'मुलाखतीत कापलं' हे शब्द ग्रुपवर आठवडाभर फिरतात. मग सगळे गप पुढच्या जाहिरातीच्या तयारीला लागतात. यातलं कोर्टात टिकणारं किती आणि नुसती चरफड किती, हे जाणकारांनी एकदा सांगावं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुख्य परीक्षेत १०० गुणांचे दोन पेपर, मुलाखत ५० गुणांची, पूर्वपरीक्षेचे गुण शेवटच्या यादीत धरत नाहीत. 'अ'ला लेखीत १२८ आणि मुलाखतीत २१, एकूण १४९. 'ब'ला लेखीत ११३ आणि मुलाखतीत ३९, एकूण १५२. यादी १५० वर थांबली. लेखीतली १५ गुणांची आघाडी काही मिनिटांच्या बोलण्यात गेली.

तर ५० गुणांच्या मुलाखतीलाच आव्हान देता येतं का? इतरांचे गुण माहिती अधिकारात मिळतात का? जायचं मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) की हायकोर्टात? आणि तीन वर्षं वकिलीची अट परत आली आहे, ती मुंबईत सिनिअरच्या चेंबरमध्ये बसणाऱ्याने कागदावर कशी दाखवायची?

रोजनामा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे. एकूण २५० मध्ये मुलाखत ५०, म्हणजे २० टक्के. अशोक कुमार यादव (१९८५) प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मुलाखतीला १२.२ टक्क्यांपेक्षा जास्त वजन नको म्हटलं होतं आणि सगळे तोच निकाल घेऊन धावतात. पण तो नागरी सेवांचा निकाल आहे. न्यायाधीशांच्या भरतीत लीलाधर (१९८१) प्रकरणात राजस्थानच्या मुन्सिफ (कनिष्ठ दिवाणी न्यायाधीश) पदासाठी २५ टक्के मुलाखत चालवून घेतली गेली. म्हणजे 'वीस टक्के जास्त आहेत' एवढ्यावर याचिका उभी राहत नाही.

मुलाखतीत किमान ४० टक्के, म्हणजे ५० पैकी २० मिळालेच पाहिजेत, ही अटही टिकते. 'शेट्टी आयोगाला (न्यायाधीशांच्या सेवाशर्तींसाठी नेमलेला आयोग) मुलाखतीत किमान गुण नको होते' हा मुद्दा बिहार आणि गुजरातच्या उमेदवारांनी मांडून पाहिला. मे २०२४ मध्ये अभिमीत सिन्हा प्रकरणात तो फेटाळला गेला. किमान गुण ठेवणं घटनाबाह्य नाही, असं कोर्टाने स्पष्ट सांगितलं.

मग टिकतं काय? खेळ सुरू झाल्यावर बदललेला नियम. केरळ हायकोर्टाने जिल्हा न्यायाधीश निवडीत मुलाखती आटोपल्यावर मुलाखतीसाठी किमान गुण लावले. नियमात आणि योजनेत तशी अट नव्हती. शिवानंदन प्रकरणात (जुलै २०२३) पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते मनमानी ठरवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेज प्रकाश पाठक प्रकरणात पुन्हा पाच न्यायमूर्तींनी तत्त्व पक्कं केलं: अर्ज मागवणाऱ्या जाहिरातीपासून प्रक्रिया सुरू झाली असं धरायचं आणि मूळ नियमात किंवा जाहिरातीत मुभा नसेल तर निवडीचे निकष मध्येच बदलायचे नाहीत.

पण शिवानंदनचा शेवट वाचा. केरळमधले उमेदवार तत्त्वावर जिंकले आणि पद मिळालं नाही, कारण निवडलेले लोक तोवर सहा वर्षं काम करत होते. त्यांना उठवायला कोर्ट तयार झालं नाही. म्हणून जी काही धाव घ्यायची ती नेमणुकीचे आदेश निघण्याआधी.

तुमच्या 'अ'च्या बाबतीत एवढंच म्हणता येईल की ५० पैकी २१ हे नियमात बसतात. नुसत्या आकड्यांच्या तफावतीवरून कोर्ट मुलाखत मंडळाच्या जागी स्वतःला बसवत नाही. मात्र लेखीत वर असलेल्या बहुतेकांना २०-२२ आणि खाली असलेल्या बहुतेकांना ३८-४० असा साचा सगळ्या यादीत दिसला, तर बोलायला जागा आहे. तो साचा दाखवायला पूर्ण यादीचे गुण हातात लागतात. एका 'अ' आणि एका 'ब'वरून काही सिद्ध होत नाही.

बेलापूर_सेक्टर११

माहिती अधिकाराचं मी सांगते. निम्मे अर्ज 'मला मुलाखतीत कमी गुण का दिले?' असं विचारून वाया जातात. 'का'चं उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. जे कागदावर आहे तेच मागायचं.

महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, फी १० रुपये. म्हणून वेगवेगळे अर्ज करा. पहिल्यात स्वतःच्या दोन्ही पेपरांच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती आणि प्रश्ननिहाय गुण. दुसऱ्यात मुलाखत दिलेल्या सगळ्यांचे लेखीचे व मुलाखतीचे गुण, प्रवर्गनिहाय, आणि मंडळाला दिलेल्या मूल्यमापनाच्या लेखी सूचना असतील तर त्यांची प्रत. तिसरा अर्ज फार कमी लोक करतात: प्रवर्गनिहाय रिक्त पदांचं मागणीपत्र (किती पदं भरायची ते शासनाने आयोगाला कळवलेलं पत्र). जाहिरातीतली पदसंख्या आणि मागणीपत्र जुळत नसेल तर मुद्दा गुणांपेक्षा कितीतरी भक्कम.

स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय (२०११) पासून मान्य आहे. परीक्षकाचं नाव मात्र मिळणार नाही, त्यासाठी भांडू नका. यूपीएससीच्या बाबतीत अंगेश कुमार (२०१८) निकालात कच्चे गुण सरसकट उघड करायला कोर्टाने नकार दिला. नकाराच्या पत्रात हाच निकाल समोर येऊ शकतो, तेव्हा तो आधी वाचून ठेवा.

इतरांच्या गुणांबद्दल मुंबई हायकोर्टाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल उमेदवारांच्या बाजूने आहे. पुणे जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिक भरतीत इतर उमेदवारांचे गुण द्यायला कोर्टाने सांगितलं: सार्वजनिक भरतीतले गुण ही कुणाची खासगी बाब नव्हे. पण तो निकाल माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणारं कलम, जुन्या रूपात असतानाचा. १४ नोव्हेंबर २०२५ पासून डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३)ने ते कलम आखडलं गेलं आणि 'वैयक्तिक माहिती' एवढ्या दोन शब्दांवर नकार देता येतो. उतारा कलम ८(२) मध्ये आहे (जनहित मोठं असेल तर माहिती देता येते), ते तसंच राहिलं आहे. त्यामुळे अर्जातच एक ओळ टाका की सार्वजनिक पदाच्या निवडीची पारदर्शकता हे व्यापक जनहित आहे आणि ८(२)खाली माहिती मागत आहे. शिवाय 'नावं झाकून, फक्त बैठक क्रमांकासह चालेल' हेही लिहा. मग खासगीपणाची सबब बरीच पातळ होते.

३० दिवसांत उत्तर नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, फी २० रुपये. तिथेही नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग. आयोगाच्या तारखेची वाट बघत याचिका थांबवून ठेवली तर नेमणुका होऊन जातील. रिटमध्येच (हायकोर्टातल्या याचिकेतच) अभिलेख हजर करण्याची विनंती करता येते.

एमपीएससीचं कार्यालय बेलापूरला आहे, अर्ज तिथल्या माहिती अधिकाऱ्याच्या नावाने. जिल्हा न्यायाधीशांची थेट भरती हायकोर्ट स्वतः करतं, तिथे हायकोर्टाचे स्वतःचे माहिती अधिकार नियम लागतात. दोन्हींची गल्लत करू नका.

फोर्टचा_ज्युनिअर

@रोजनामा, @बेलापूर_सेक्टर११ दोघांचे आभार. मुलाखत मंडळावर कुणाचा नातलग असेल तर? 'वकिलांची-जजांची मुलं' ही तक्रार तर सगळ्यात मोठी.

रोजनामा

आडनावावरून काही होत नाही. अशोक कुमार यादवमध्ये याचाही विचार झाला होता. लोकसेवा आयोगाच्या सदस्याचा नातलग उमेदवार असेल तर सदस्याने त्या एका मुलाखतीपुरतं उठून बाहेर जावं, चर्चेत भाग घेऊ नये. पूर्ण निवडीतून बाजूला व्हायची गरज नाही, कारण आयोग घटनात्मक आहे आणि सदस्य उठून गेले तर काम कोण करणार? म्हणून विचारायचं ते हे: त्या मुलाखतीच्या वेळी कोण हजर होतं, कोण उठलं, त्याची नोंद कुठे आहे?

कुणाच्या हेतूवर बोट ठेवणार असाल तर त्या व्यक्तीला नावानिशी प्रतिवादी करावं लागतं आणि तपशील लागतो: कधी, काय, कशावरून. 'सगळ्यांना माहीत आहे' हे प्रतिज्ञापत्रात लिहिता येत नाही.

आता मॅट. एमपीएससी म्हटलं की पाय आपोआप नरिमन पॉइंटकडे वळतात. पीएसआय, मंत्रालय सहायक, अगदी एपीपीच्या (सहायक सरकारी वकील) भरतीचाही वाद तिथेच जातो. न्यायाधीशांचं तसं नाही. प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा, १९८५ च्या कलम २(सी)ने हायकोर्ट आणि त्याखालच्या न्यायालयांचे अधिकारी-कर्मचारी वगळले आहेत. म्हणजे अनुच्छेद २२६ खाली हायकोर्टात रिट. मॅटमध्ये अर्ज टाकून 'इथे नाही' ऐकेपर्यंत महिने जातात आणि तेवढ्यात नेमणुका होतात.

याचिकेत दोन गोष्टी हमखास राहतात. निवड यादीतल्या ज्यांना धक्का बसू शकतो त्यांना, निदान काही जणांना प्रातिनिधिक म्हणून, प्रतिवादी केलेलं नसतं. मग पहिल्याच तारखेला हरकत येते. दुसरी अंतरिम मागणी. सगळ्या भरतीला स्थगिती मागितली तर नाहीच मिळणार, कारण रिक्त कोर्टं कुणालाच नको आहेत. एक पद रिकामं ठेवा, किंवा नेमणुका याचिकेच्या निकालाच्या अधीन राहतील असं म्हणा, एवढंच मागा.

परीक्षेला बसलात, नापास झालात आणि मग नियम चुकीचा म्हणालात तर 'संमती होती' हा आक्षेप येतोच. मीता सहाय (२०१९) प्रकरणात सुप्रीम कोर्टाने थोडी वाट मोकळी केली: प्रक्रियाच बेकायदा असेल तर भाग घेतल्याने तोंड बंद होत नाही. तरी जाहिरातीतली अट खटकली असेल तर परीक्षेआधी लेखी निवेदन पाठवून पोच ठेवलेली बरी.

वकीलपत्र_२०

तीन वर्षांच्या अटीबद्दल. सुप्रीम कोर्टाच्या २० मे २०२५ च्या निकालाने ती परत आली. तेव्हा आधीच सुरू झालेल्या भरतींना तिच्यातून वगळलं होतं, पुढच्या प्रत्येक जाहिरातीत मजकूर नीट वाचा. कालावधी तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजायचा, बार परीक्षा उत्तीर्ण झाल्याच्या तारखेपासून नव्हे. न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरतात.

प्रमाणपत्र त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं, किंवा दहा वर्षं जुन्या वकिलाचं, त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं पृष्ठांकन (दुजोऱ्याची सही-शेरा) हवं. हायकोर्टात काम करणाऱ्यांना दहा वर्षांच्या वकिलाचं प्रमाणपत्र आणि हायकोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्याचं पृष्ठांकन. मुंबईत घोळ होतो तो इथेच. सकाळी किल्ला कोर्ट, दुपारी सिटी सिव्हिल, संध्याकाळी हायकोर्टाचं ड्राफ्टिंग, आणि वकीलपत्रावर नाव फक्त सिनिअरचं. ज्युनिअर तीन वर्षं घाम गाळतो, पण ई-कोर्ट्सवर त्याच्या नावाने शोधलं तर एकही केस निघत नाही.

आजपासून वकीलपत्रावर सिनिअरखाली आपलं नाव आणि सनद क्रमांक घाला. तारीख मागायला उभे राहिलात तरी रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) 'तर्फे' म्हणून नाव आलं का ते बघा. दर तीन महिन्यांनी आदेशांच्या प्रती उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवा. एकाच न्यायालयात निम्म्याहून जास्त काम दाखवता आलं तर पृष्ठांकन मागणं सोपं जातं.

अट न्याय्य आहे का, हा वेगळा वाद. स्टायपेंड न देणाऱ्या चेंबरमध्ये तीन वर्षं काढणं बदलापूरहून रोज येणाऱ्या मुलीला परवडत नाही, हे खरंच आहे.

जुना_बेअरअॅक्ट

सगळे मुलाखतीमागे लागलेत. जास्त लोक पूर्वपरीक्षेतच एक-दोन गुणांनी जातात, त्याचं कुणाला काही नाही.

पहिली उत्तरतालिका आली की हरकतीची मुदत थोडी असते. कानपूर विद्यापीठ (१९८३) प्रकरणापासून कसोटी हीच की उत्तर चूक असल्याचं ढळढळीत दिसलं पाहिजे. क्लासच्या नोट्स जोडू नका, बेअर अॅक्टचं पान जोडा, कलमाखाली रेघ मारा. १ जुलै २०२४ नंतर भारतीय न्याय संहिता आणि जुनी भादंवि यांचे कलम क्रमांक एकमेकांत मिसळून हरकती घेतल्या जातात. प्रश्न कोणत्या कायद्यावर आहे ते अभ्यासक्रमाच्या ओळीसकट दाखवा.

मुख्य परीक्षेची फेरतपासणी विसरा. रणविजय सिंह (२०१७) निकालानुसार नियमात तरतूद नसेल तर कोर्ट पेपर तपासायला सांगत नाही. अपवाद हरियाणाच्या न्यायाधीश भरतीचा: १०७ पदांसाठी मुख्य परीक्षेतून जेमतेम ९ जण मुलाखतीला पोचले, तेव्हा सुप्रीम कोर्टाने निवृत्त न्यायमूर्तींकडून तपासणी करवून घेतली. एवढी ओरड सगळ्या यादीची असावी लागते.

फोर्टचा_ज्युनिअर

@जुना_बेअरअॅक्ट हरकत एकट्याने घ्यायची की दहा जणांनी मिळून?

जुना_बेअरअॅक्ट

प्रत्येकाने आपल्या लॉगिनमधून. मजकूर एकच असला तरी चालतो, पण पान प्रत्येकाने जोडा.