अनुभव धागा: डोकं शंका काढतं, हात तरी जोडले जातात. तुमचं कसं चाललंय?

गड्डा यात्रा, म्हणजे आमच्या सोलापुरातली सिद्धरामेश्वरांची जत्रा, जवळ आली की आमच्याकडं हा विषय निघतोच. देव सिद्ध करता येत नाही हे पटलेलं असतं, तरी संमती कट्ट्यावर जत्रेतल्या लग्नाच्या अक्षता टाकायला सगळे हजर. वाद नको, स्वतःचं काय ते लिहा.

बाळीवेस
एमेला तत्त्वज्ञान होतं, ह्यूम हा संशयवादी तत्त्वज्ञ वाचून डोकं पार फिरलं. आजवर सूर्य उगवला म्हणून उद्या उगवेलच याला तर्काचा आधार नाही म्हणतो गडी, मग कुंभारकन्येचं लग्न सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी, म्हणजे हातातल्या काठीशी, लागलं हे मी कशाच्या जोरावर मानायचं? पण आमच्या घरातली पोरं नंदीध्वजाच्या, म्हणजे जत्रेच्या मिरवणुकीतल्या उंच काठीच्या, सरावाला जातात, मीपण जातो. काठी कमरेच्या पट्ट्यात बसली की सगळा भार ओटीपोटावर, नजर वर शेंड्याला, पाऊल सावकाश, आणि मागनं 'हर्र बोला हर्र' आलं की तोंडातनं आपसूक जातंच. तेव्हा मानतो की नाही हा विषयच नसतो बघा. नंतर सेक्स्टस एम्पिरिकस हाती लागला. पक्का संशयवादी ग्रीक, तरी म्हणतो की रीतीप्रमाणं आम्ही देवाला मानतो, पूजतो, फक्त त्यावर ठाम सिद्धांत मांडत नाही. म्हटलं हा तर आमच्यासोबत जत्रेत अडुसष्ट शिवलिंगं फिरणाऱ्यातला निघाला!

जुळे सोलापूर
मग ही भक्ती का नुसती सवय?

बाळीवेस
सवय म्हणा की. ह्यूमनं उद्याचा सूर्यसुद्धा सवयीवरच सोडलाय.

विजापूर वेस
आमच्यात हा घोळ गझाली या इस्लामी विचारवंतांनी नऊशे वर्षांपूर्वी घालून ठेवलाय. डोळ्याला तारा दिनारएवढा दिसतो, गणित सांगतं तो पृथ्वीपेक्षा मोठा, मग डोळ्यावर भरवसा कसा? आणि डोळा खोटा ठरवणाऱ्या बुद्धीला उद्या कुणी खोटं ठरवलं तर? जवळजवळ दोन महिने ते यात अडकले होते, सुटले ते पुराव्यानं नाही, अल्लानं काळजात टाकलेल्या उजेडानं, असं स्वतःच लिहितात. मला तसा उजेड अजून दिसलेला नाही, खरं सांगतो. नमाज चालू आहे. अब्बांना हे बोललो तर म्हणाले, दिसेपर्यंत वजू करायला काय हरकत आहे?

साखर पेठ
माझं नाही जुळलं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथामागं चालतो ते घरच्यांसाठी, आणि ते त्यांना माहितीय. पास्कल या फ्रेंच तत्त्वज्ञाची पैज तर मला हिशोबीपणा वाटतो. देव असलाच तर फायदा म्हणून देव मानायचा, हे काय झालं?

होटगी रोड
मी नर्स आहे. आमच्या नात्यातल्या एकाला कावीळ झाली तर आधी उतरवून घ्यायला नेलं, दवाखान्यात आणलं तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हापासनं माझं ठरलंय, अंगात काही होतंय म्हटलं की श्रद्धा बाजूला, रिपोर्ट दाखवा. सासरी यावरनं भांडणं झाली, होऊ देत. सोमवारचा उपवास मात्र सोडला नाही, नाईट असली की साबुदाण्याची खिचडी डब्यात नेते. देवाला मी काही विचारत नाही. डॉक्टरांना सतरा प्रश्न विचारते, ते त्यांना आवडत नाही.