इस्रायल आळीच्या स्मृतिफलकावर काय लिहावं?

खारेपाटचा मास्तर
नमस्कार मंडळी. मी अलिबाग तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक आहे. आमच्या इस्रायल आळीत आता एकही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब नाही. तेलाच्या घाण्याचा दगड तेवढा पडून आहे. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची. १९४८ नंतर एकेक घर इस्रायलला गेलं. शेवटच्या आजी निघाल्या तेव्हा मी शाळकरी होतो. निम्मं गाव एसटीपर्यंत पोचवायला आलं होतं.

नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या त्यांच्या पूर्वजांची, सात जोडप्यांची कथा सगळ्यांना माहीत आहे, तिथं स्मारकही आहे. पण आमच्या गावातून गेलेल्यांची खूण कुठंच नाही. आता ग्रामपंचायत फलक लावायला तयार झालीय. मसुदा असा: 'येथे पूर्वी ज्यू समाज वास्तव्यास होता.' माझ्या पोरांना यातून काय कळणार? काय लिहावं, सुचवा.

अश्दोदची नात
गुरुजी, वाचून भरून आलं. माझी आजी पेणकडची. फलकावर आडनावं घालाच. किहीमकर, नवगावकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर… इथं इस्रायलमध्ये आमच्या लोकांच्या दारांवरच्या पाट्या वाचत गेलं तर अख्खा रायगड फिरून होतो! आणि आम्हाला कुणी हाकललं नाही, आम्ही आपणहून निघालो, हे स्पष्ट लिहा. आजी शेवटपर्यंत मराठीतच भांडायची आणि नवस फेडायला मलिदाच (गोड पोह्यांचा नैवेद्य) करायची. मराठी वर, हिब्रू खाली घ्या. आमच्या कबरींवरही दोन्ही असतात. कबरस्तानातले दगड मात्र हलवू नका, रंगवू नका. आधी अलिबागच्या सिनेगॉगमधल्या मंडळींशी बोला.

बर्लिनकर मीनल
मी राहते त्या इमारतीसमोर फुटपाथमध्ये पितळी पत्र्याचे चौकोनी दगड बसवलेत, जेमतेम १० सेंटीमीटरचे, नाझींच्या छळाला बळी पडलेल्यांच्या आठवणीचे. गुंटर डेमनिग या कलाकारानं १९९२ साली कोलोनमध्ये पहिला दगड बसवला. २०२३ पर्यंत युरोपभर एक लाख झाले. 'इथे राहत होती', मग नाव, जन्मसाल, कुठल्या साली कुठं नेलं, कुठं मारलं. एवढंच. 'ज्यू समाज' म्हटलं की माणूस दिसत नाही. माझ्या दारासमोरच्या दगडावर सहा वर्षांची मुलगी आहे, ती रोज दिसते. तुमच्या गावची गोष्ट वेगळी आणि सुखाची आहे, तिला त्या दुःखाशी जोडू नये. पण घरागणिक नावं लिहायची रीत जरूर घ्या.

निवृत्त तलाठी
नावं गावकऱ्यांच्या आठवणीवर सोडू नका सर. तहसील कचेरीत अभिलेख कक्षात जुनी कोतवाल बुकं असतील, त्यांत जन्ममृत्यूच्या नोंदी सापडतात. कुणी जमीन विकून गेलं असेल तर फेरफारात नाव आणि साल दोन्ही मिळेल. जुन्या कागदांवर जिल्हा कुलाबा असेल, गोंधळू नका. पत्र्याचा बोर्ड मात्र अजिबात नको, खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळेही टिकत नाही. काळ्या कडप्प्यावर कोरून घ्या.

खारेपाटचा मास्तर
सगळ्यांचे मनापासून आभार. सरपंचांना धागा वाचून दाखवला, कडप्पा मंजूर! नवा मसुदा: 'या आळीत पिढ्यान् पिढ्या बेने इस्रायल कुटुंबे राहिली. तेलाचे घाणे चालवले, शेती केली. १९४८ नंतर ती स्वेच्छेने इस्रायलला गेली.' खाली घरागणिक नावं. सोमवारी तहसीलला जातोय. ताई, हिब्रू मजकूर तुम्ही लिहून पाठवाल का? इथं तो तपासणारं कुणी नाही.