मदत हवी आहे: रेडिंगच्या फ्लॅटला ईपीसीत एफ आलाय, भाडेकरू १ तारखेला येतोय

बाळू_थेम्सकाठचा:
इंग्लंडात रेडिंगमधला दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्यानं द्यायचाय. नवीन ईपीसी (घराच्या ऊर्जेचं सर्टिफिकेट, ए सगळ्यात चांगला, जी सगळ्यात वाईट) काढलं तर ३४ गुण, म्हणजे एफ! जुन्यावर ५८ होते, डी. मधल्या काळात घर सुधारलंच आहे, बिघडवलेलं काही नाही. नवे हीटर आहेत, सगळीकडे एलईडी आहेत. एजंट म्हणतो ई आल्याशिवाय करार होणार नाही. आज १२ तारीख. लवकरात लवकर ई कसा आणायचा तेवढं सांगा. "असेसरशी बोला" म्हणू नका, बोलून झालंय. घर तपासून ईपीसी बनवणारा तो, म्हणतो सॉफ्टवेअर देईल तो आकडा.

छप्परफाड:
लॉफ्ट, म्हणजे छपराखालची पोकळी! २७० मिमी काचलोकर अंथरा, काम फत्ते. १०० मिमी जॉइस्टच्या (आडव्या तुळयांच्या) मधे, उरलेलं १७० आडवं. छपराच्या कडेची हवेची फट बुजवू नका, नाहीतर वासे भिजतात.

जुनाजाणता:
छप्परफाड, फ्लॅट लिहिलंय त्यांनी. डोक्यावर दुसऱ्याचं घर असेल तर लॉफ्ट कुठून आणायचा?

एजंटचं बरोबर आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १ एप्रिल २०१८ पासून नव्या करारांना आणि १ एप्रिल २०२० पासून चालू करारांनाही किमान ई लागतो. एफवर घर दिलं तर तीन महिन्यांच्या आत पकडल्यास २,००० पौंडांपर्यंत दंड, त्यापुढे ४,००० पर्यंत. दंड कौन्सिल करते. विकायचं असतं तर एफ काय, जी सुद्धा चालला असता, फक्त सर्टिफिकेट हवं.

बाळू_थेम्सकाठचा:
विकायचं नाहीये. जुनं सर्टिफिकेट ऑगस्टपर्यंत चालणार होतं, एजंटच्या आग्रहानं नवं काढलं. आता जुनंच दाखवलं तर?

जुनाजाणता:
नाही चालणार. नवं ईपीसीच्या रजिस्टरवर लॉज झालं (नोंदलं गेलं) की जुन्याची मुदत शिल्लक असली तरी ते बाद. पत्ता टाकला की भाडेकरूला आणि कौन्सिललाही नवंच दिसतं.

मीटरवाली:
ईपीसी हेच माझं रोजचं काम. पण तुम्ही दिलेल्या माहितीवर काही सांगता येत नाही. गॅस आहे का? "नवे हीटर" म्हणजे नक्की कुठले? विजेचा मीटर एका दराचा की दोन दरांचा? मजला कितवा, खाली-वर कोण? इमारत कुठल्या सालची? गरम पाण्याचं काय? आणि सर्टिफिकेटवर सुधारणांच्या पायऱ्या दिल्या आहेत, त्या जशाच्या तशा इथे उतरवा.

बाळू_थेम्सकाठचा:
गॅस नाही, सगळं विजेवर. आधी विटा भरलेले स्टोरेज हीटर होते, धूड नुसते. ते काढून भिंतीवरचे वायफायवाले पॅनल हीटर लावले, खोलीगणिक थर्मोस्टॅट. इमारत १९७२ ची. पाण्याला कपाटात तांब्याचं सिलिंडर. पायरी १: सिलिंडरला ८० मिमी जॅकेट, मग ३८. पायरी २: हाय हीट रिटेन्शन (उष्णता जास्त वेळ धरून ठेवणारे) स्टोरेज हीटर, मग ६४. म्हणजे काढलेले धूड परत बसवा म्हणतायत! चेष्टा आहे का?

मीटरवाली:
चेष्टा नाही, तुमचे गुण तिथेच गेलेत. ईपीसीवरचं ते ए ते जी अक्षर घर आणि पाणी तापवायला, दिव्यांना येणाऱ्या खर्चावर ठरतं. स्टोरेज हीटर रात्रीच्या स्वस्त दराची वीज विटांत साठवतो. पॅनल हीटर लागेल तेव्हाच्या दरानं ओढतो. उष्णता तेवढीच, हिशेबातली किंमत दुप्पट. वायफायला यात गुण नाहीत. थर्मोस्टॅटला थोडे आहेत, ते तुम्हाला मिळालेले असणार.

शंकेखोर:
हे पटत नाही. पॅनल हीटर १०० टक्के कार्यक्षम असतो, सगळी वीज उष्णतेतच जाते. मग एनर्जी "एफिशियन्सी" म्हणून एफ द्यायचा हा कुठला न्याय?

मीटरवाली:
१०० टक्के बरोबर आहे, स्टोरेज हीटरही १०० टक्केच असतो. नाव एफिशियन्सीचं, मोजमाप पौंडांचं. कार्बनचा आकडा सर्टिफिकेटवर वेगळा असतो, पण भाड्याचा कायदा तो बघत नाही.

म्युनिकची_मनी:
एवढा वाद कशाला? गेल्या तीन वर्षांची वीजबिलं द्या ना असेसरला. आमच्याकडे जर्मनीत खपावर आधारलेलं एनर्गीआउसवाइस तसंच बनतं, घरी कुणी येतही नाही.

मीटरवाली:
इंग्लंडमध्ये बिलं चालत नाहीत. घरात अमुक माणसं, अमुक तास, अमुक तापमान असं ठरीव गृहीत धरून हिशेब होतो. राहणारा कंजूष की उधळ्या, याचा घराच्या गुणांशी संबंध नाही.

म्युनिकची_मनी:
मग तो हिशेब खोटाच की.

जुनाजाणता:
तुमचाही तेवढाच खोटा. तीन वर्षांतली दोन वर्षं घर बंद असलं तर काय सोन्यासारखं सर्टिफिकेट! म्हणूनच पाचाहून कमी घरांच्या, १९७७ च्या आधीच्या न सुधारलेल्या इमारतींना तुमच्याकडेही खपावरचं चालत नाही, गरजेवरचं काढावं लागतं. असो, बाळूंचा प्रश्न राहिला बाजूला.

पंपसम्राट:
सरळ एअर सोर्स हीट पंप लावा. ७,५०० पौंड सरकार देतं.

मीटरवाली:
ते अनुदान पाण्याच्या रेडिएटरवर चालणाऱ्या पंपाला आहे. यांच्या घरात एक पाइप, एक रेडिएटर नाही. जमिनीच्या जुन्या फळ्या उचकटून पाइप टाकणं १ तारखेपर्यंत होत नसतं.

पंपसम्राट:
मग एअर-टू-एअर लावा, साधा स्प्लिट एसी. तोही हीट पंपच, सॉफ्टवेअर धरतं.

जुनाजाणता:
धरतं. पण बाहेरचं युनिट ज्या भिंतीवर लावायचं ती भिंत फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची. त्याची लेखी परवानगी आणि बहुधा कौन्सिलची प्लॅनिंग परवानगीही लागेल. महिने जातात त्यात.

शंकेखोर:
बाळू, सगळ्यात सोपं सांगतो. वीज कंपनीला फोन करून इकॉनॉमी ७ चा (रात्री ७ तास स्वस्त वीज) दोन दरांचा मीटर घ्या. स्वस्त रात्रीचा दर आला की गुण आपोआप वाढतील.

मीटरवाली:
थांबा, हे करू नका! पॅनल हीटर तसेच ठेवून मीटर दोन दरांचा केला, तर ७ तासांच्या दरपत्रकात पॅनलची सगळी वीज दिवसाच्या चढ्या दरानं धरली जाते. पाण्याला थोडा फायदा होतो, तापवण्याचे गुण मात्र पडतात, कारण दिवसाचा दर एकेरी दराहूनही महाग असतो. उलटही तेच: स्टोरेज हीटर लावले आणि मीटर एकेरीच राहिला, तरी सगळं पाण्यात. हीटर आणि मीटर दोन्ही एकत्र बदलायचे.

बाळू, मीटरच्या कपाटात बघा. फ्यूजबोर्ड दोन आहेत का? आणि हीटर जिथून काढले तिथे भिंतीत कोऱ्या पांढऱ्या प्लेटी आहेत का?

बाळू_थेम्सकाठचा:
बोर्ड दोन आहेत, एक बंद पडलेला. प्लेटी आहेत, सोफ्यामागे एक, बेडरूमच्या खिडकीखाली एक. मीटर आता एकेरी आकड्यांचा आहे, हीटर काढले तेव्हा बदलला होता.

मीटरवाली:
मग रात्रीच्या वायरी अजून भिंतीत आहेत, नव्यानं ओढायला लागणार नाहीत. नव्या फॅनवाल्या स्टोरेज हीटरला (क्वांटम वगैरे) दोन पुरवठे लागतात: चार्जिंगला रात्रीचा, पंखा आणि बूस्टसाठी चोवीस तासांचा. प्लेटीमागे पहिला आहे. दुसरा आताच्या पॅनलचा स्पर (वायरीचा फाटा) जवळ असेल तर तिथून इलेक्ट्रिशियन देईल. जुन्या वायरीचं इन्सुलेशन तपासल्याशिवाय जोडू देऊ नका. हीटर जमिनीवर बसवतात आणि भिंतीलाही आवळतात. आतल्या विटा जाग्यावरच भरतात, गालिच्याखालची फळी खचकी असेल तर तो तिरका होतो.

पण हा पुढचा टप्पा. आधी ३४ चे ३९ करायचे आहेत, ई तिथून सुरू होतो, म्हणजे फक्त पाच गुण. मजला अजून सांगितला नाहीत.

बाळू_थेम्सकाठचा:
दुसरा. म्हणजे शेवटचाच. वर फक्त छप्पर. हे महत्त्वाचं आहे होय?

छप्परफाड:
अहो!!! पहिल्याच प्रतिसादात काय सांगितलं होतं?

जुनाजाणता:
मान्य, तुम्ही जिंकलात.

मीटरवाली:
बाळू, सर्टिफिकेटवर "रूफ" समोर काय लिहिलंय ते शब्दशः सांगा.

बाळू_थेम्सकाठचा:
"पिच्ड, लिमिटेड इन्सुलेशन (अस्यूम्ड)". लॉफ्टचं झाकण जिन्याच्या सामाईक जागेत आहे, त्याला कुलूप. किल्ली इमारतीची देखभाल बघणाऱ्या मॅनेजिंग एजंटकडे. असेसर आला तेव्हा बंदच होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी सर्व्हिस चार्जमध्ये छपराच्या कामाचे पैसे घेतले होते.

मीटरवाली:
"अस्यूम्ड", म्हणजे गृहीत धरलेलं, हा शब्द तुमचा शत्रू. असेसरला दिसलं नाही आणि कागदही नाही, तर सॉफ्टवेअर इमारतीच्या वयावरून अंदाज धरतं. १९६७ ते ७५ च्या छपराला जेमतेम १२ मिमी. यू-व्हॅल्यू (उष्णता किती निसटते तो आकडा, कमी तितका चांगला) १.५. प्रत्यक्षात २७० मिमी असेल तर ती ०.१६. वरच्या मजल्यावरच्या विजेच्या घराला हा फरक पाच गुणांहून बराच जास्त पडतो.

करायचं असं. मॅनेजिंग एजंटला आजच ईमेल करा, झाकण उघडून द्या म्हणावं, आणि छपराच्या कामात इन्सुलेशन टाकलं असेल तर त्याचं बिल मागा. बिलावर इमारतीचा पत्ता आणि जाडी हवी, नुसतं "रूफ वर्क्स" उपयोगाचं नाही. दोनपैकी काहीही एक हातात आलं की असेसर परत येऊ शकतो.

आणि त्याला आधीच बजावा, यावेळी थेट लॉज करायचं नाही. आधी ड्राफ्ट दाखवायचा, आकडा बघून मग लॉज. हे पूर्ण नियमात बसतं.

छप्परफाड:
फोटो काढताना टेपपट्टी जॉइस्टच्या बाजूनं खाली प्लास्टरबोर्डपर्यंत टोचा, आकडा दिसू दे. वरून नुसता लोकरीचा फोटो काढला तर १०० आहे का ३०० कुणाला कळणार?

बाळू_थेम्सकाठचा:
भिंतींसमोरही "नो इन्सुलेशन (अस्यूम्ड)" आहे. कॅव्हिटी भिंती आहेत, विटांच्या दोन थरांत पोकळी असलेल्या.

मीटरवाली:
बाहेरून विटांमधल्या मसाल्यात बघा. बोटाएवढ्या भोकांचे बुजवलेले गोल डाग, ठराविक अंतरावर, दिसले तर कॅव्हिटी भरलेली आहे. भरली असेल तर सीआयजीएची (अशा कामाची हमी देणारी संस्था) २५ वर्षांची गॅरंटी बहुधा फ्रीहोल्डरकडे असते. खिडक्यांचंही बघा: दोन काचांमधल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बारीक अक्षरात साल छापलेलं असतं. २००२ च्या आधीची आणि नंतरची काच यांचे गुण वेगळे. जून २०२५ पासून आरडीसॅप १० (ईपीसीच्या हिशेबाची नवी पद्धत) आल्यावर प्रत्येक खिडकी मोजून टाकावी लागते, तुमच्या असेसरनं सगळ्या एकसारख्या टाकल्यात का तेही विचारा.

ठाण्याची_वीज:
प्रश्न थोडा वेगळा, माफ करा. ठाण्यातला फ्लॅट विकताना असं काही लागतं का? एसीवर स्टार असतात तसे घरावर?

जुनाजाणता:
विक्रीला लागत नाही. बीईईची (एसीला स्टार देणारी सरकारी संस्था) घरांसाठी स्टार लेबल योजना आहे आणि २०१८ ची इको निवास संहिता आहे, पण ती नव्या इमारतींच्या रचनेसाठी. जुना फ्लॅट विकताना सब-रजिस्ट्रार ते विचारत नाही. सोसायटीची एनओसी आधी बघा.

पंपसम्राट:
बाळू, २०३० साठी सरकारनं भाड्याच्या घरांना सी चा इरादा जाहीर केलाय. आत्ता ई करून परत खर्च करणार, त्यापेक्षा एसी...

जुनाजाणता:
एसी पुरे. बाळू, लॉफ्टमध्ये काही निघालंच नाही तरच हे वाचा: खर्चाची मर्यादा व्हॅटसकट ३,५०० पौंड आहे. शिफारस केलेली कामं तिथपर्यंत करूनही ई आला नाही, तर एक्झेम्प्शन (सवलतीच्या) रजिस्टरवर नोंद करता येते, पाच वर्षं चालते. १ ऑक्टोबर २०१७ पासूनचा खर्च त्यात धरता येतो, पण पॅनल हीटरचे पैसे धरू नका. ते शिफारशीत नव्हतेच. आणि घर विकलंत तर ती सवलत नव्या मालकाकडे जात नाही.

बाळू_थेम्सकाठचा:
अपडेट. मॅनेजिंग एजंटनं गुरुवारी किल्ली दिली. वर पिवळी लोकर आहे, टेपवर २५० भरली! भिंतींना डाग नाहीत, त्यामुळे तो विषय संपला. सिलिंडरला जॅकेट आणलं, लाल रंगाचं, २५ पौंड. काल रात्री बसवलं, वरून खालपर्यंत घट्ट पॅक, एक इंचही उघडा ठेवला नाही. असेसर सोमवारी येतोय. त्याचा तोंडी अंदाज ४५ च्या आसपास.

मीटरवाली:
४५ आले तर उत्तम, ड्राफ्ट बघूनच हो म्हणा. पण "एक इंचही उघडा नाही" म्हणजे काय? सिलिंडरच्या माथ्यावर किंवा बाजूला काळी गोल टोपी आहे ना, जाड वायर जाते ती? ते इमर्शन हीटरचं (सिलिंडरमधलं पाणी तापवणाऱ्या दांडीचं) डोकं. त्याच्यावरून जॅकेट घेतलं तर टोपी आणि वायर तापून वितळू शकते.

बाळू_थेम्सकाठचा:
टोपी माथ्यावर आहे. झाकली आहे. आणि इमर्शन आत्ता चालू आहे.

मीटरवाली:
आधी भिंतीवरचा स्विच बंद करा. मग वरची नाडी सोडून टोपीभोवती जॅकेट मागे सारा, वायर जॅकेटच्या बाहेरून न्या. वायरीचं कव्हर कडक झालंय किंवा पिवळट पडलंय का बघा. पडलं असेल तर उष्णता सोसणारी वायर टाकून घेतल्याशिवाय स्विच लावू नका. करून झालं की इथे लिहा.